ओल्या सुताचं बळ

आमच्या दाजींइतका, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका भित्रा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नसेल. पाथरीच्या एका जिनिंगमध्ये ते कापसाची प्रत ठरवत. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचे आणि तंतूची लांबी बिनचूक सांगायचे. पण कापूस घेऊन आलेल्या गाडीचा बैल नुसता फुरफुरला तरी कापसाच्या गठाणींमागं लपायचे. कपड्यांचा तर त्यांनी धसकाच घेतला होता. एकदा भर मांडवात नवरदेवाच्या सदऱ्याचा दोरा काढून त्यांनी उलगडून पाहिला. "पीळ लय सैल हाय, तंतू सरकायलेत. वाकू नका," असं त्याच्या कानात सांगितलं आणि तो बिचारा अक्षता पडेपर्यंत काठीसारखा ताठ उभा राहिला.

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसटी बंद होती, तेव्हा देवगाव फाट्यावरून आम्ही दोघं मोठा रस्ता टाळून शेताशेतानं घरी निघालो. दाजी दर दहा पावलांना मागं बघत होते. तहान लागली म्हणून मी एका बिनकठड्याच्या पडीक विहिरीत वाकून पाहिलं आणि काठाची माती सुटून थेट पाण्यात पडलो.

मला पोहता येत नव्हतं. कपारीतला एक दगड हाताला लागला, तोही हलत होता. वरून दाजींचं "आई गं, आई गं" ऐकू येत होतं. वाटलं, संपलं. वर माणूस आहे, पण तो दाजी!

मेंढ्या चारणारं एक धनगर जोडपं धावत आलं. दोर कुणाकडंच नव्हता. बाईनं गाठोड्यातली नवी चकचकीत साडी काढली. दाजींनी तिचा दोरा थुंकीनं ओला करून ओढला, तो तटकन तुटला, असं धनगरानं मला नंतर सांगितलं. मला खाली ऐकू आली ती फक्त दाजींची किंकाळी, "न्हाई! रेयॉन हाय! भिजलं की जीव जातो त्याचा. सुती पायजे, सुती भिजलं की बळ धरतंय!"

त्यांनी धनगराचा पटका घेतला, स्वतःचं धोतर फेडून त्याला बांधलं आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर थरथरत ओरडत राहिले, "घाला पीळ! अजून! बस, आता बस!" माझा दगड निसटला तेव्हाच धोतराचं टोक तोंडावर आदळलं.

वर आल्यावर दाजींनी माझं मनगट धरलं, ते घरापर्यंत सोडलं नाही. बहिणीला काहीच न सांगता चहा मागितला, पण कपबशी धरवेना. तिनंच मग बशी त्यांच्या ओठांना लावली.

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. "तुमी पळाला कसं न्हाईत?" असं मी एकदा त्यांना विचारलं होतं.

"पळावं वाटलंच व्हतं की रे," ते म्हणाले. "पन तू खाली एकटा व्हतास."