वरून काहीतरी घाला

"विकायला काढलीय म्हणजे काहीतरी खोट असणारच," पप्पा किचनमध्ये मम्मीला हळू आवाजात सांगत होते. (पप्पांचा हळू आवाज आमच्या वॉचमनला गेटवर ऐकू जातो.)

खोट होती, पण कंपनीत नाही. माझ्यात. मला फोनवर बोलायची भीती वाटते.

कंपनी म्हणजे मी, माझा लॅपटॉप आणि पप्पांची मोठी बहीण. आत्या मोरव्याला राहते आणि भाईंदरच्या बाजारात मासे विकते. सकाळी ती ताज्या मासळीचा फोटो काढायची, मिरा रोडची माणसं माझ्या ॲपवर ऑर्डर द्यायची आणि बाजारात येऊन घेऊन जायची. ऑर्डर पक्की झाली की स्क्रीनवर सौदा पटल्यावरचं आत्याचं नेहमीचं वाक्य यायचं, "पिशवी आणलीय का?" हळूहळू बाजारातल्या बाकीच्या बायकाही ॲपवर आल्या. धंदा चालला. तिथेच घोळ झाला, कारण तक्रारीचे फोन मला येऊ लागले.

"मॅडम, बोंबील एकदम मऊ निघाले!"

(बोंबील मऊच असतात. पण हे फोनवर सांगायचं कोणी?)

शेवटी मी गुपचूप एका वेबसाइटवर जाहिरात टाकली. तिथे छोट्या कंपन्या विकत मिळतात. विकण्याचं कारण लिहिलं, 'संस्थापकाला नवीन गोष्टी करायच्या आहेत.'

"जुनी स्कूटर विकणारा पण हेच लिहितो!" पप्पा म्हणाले. म्हणजे 'गुपचूप' दोन दिवस टिकलं. तेवढ्यात नाशिकच्या एका तरुणाने व्हिडिओ कॉल मागितला, आणि पप्पांना एकदम धास्ती बसली. "भाव करायला आपल्यात आहे कोण?"

रविवारी आत्या आमच्या शांती नगरच्या घरी हजर. डोक्यात गजरा, हातात सुरमई. लॅपटॉपसमोरची खुर्ची तिने घेतली. मी बाजूच्या स्टुलावर. मला तेच सोयीचं होतं. मी उत्तरं चॅटमध्ये टाइप करणार होते.

"दर महिन्याला किती ग्राहक सोडून जातात?" नाशिककराने विचारलं.

मी टाइप करायला लागले.

"सोडून कुठं जातील?" आत्या म्हणाली. "तुमच्या नाशकात पापलेट काय द्राक्षासारखं येलीला लागतंय?"

तो हसला आणि त्याने किमतीचा आकडा सांगितला. माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला होता! मी घाईघाईने 'Yes' टाइप करायला घेतलं. 'Y' झाला होता.

"थट्टा करायला मीच गावले व्हय?" आत्या कडाडली. "ऊठ बाबा, म्होरं जा!"

पप्पांनी डोळे मिटले. मी 'Y' खोडला. आणि त्या माणसाने भाव वाढवला! आत्याने मान हलवली. त्याने अजून वाढवला, पण मग त्याचा चेहरा पडला. "आत्या, आता मात्र जास्त होतंय हो. विचार करून सांगतो."

गिऱ्हाईक असं पाय उचलायला लागलं की आत्या वाट्यावर दोन बांगडे वरून टाकते. तो हात तिला आवरत नाही. तिने आजूबाजूला पाहिलं. सुरमई फ्रीजमध्ये गेली होती. तिची नजर माझ्यावर पडली.

"बरं, ही पन घे वरून. वर्षभर. गिऱ्हाइकांचे फोन हीच घेईल. कामाला चांगली हाय, उलट बोलत न्हाय, खायाला पन फार लागत न्हाय."

"अहो ताई!" मम्मी दारातून ओरडली. मला हायसं वाटलं. कोणीतरी माझ्या बाजूने होतं. "लागत नाही कसं? सकाळीच चार घावणे खाल्लेत तिने!"

"थांबा," नाशिककर सरसावून बसला. "वर्षभर सगळे फोन मॅडम घेणार? फुकट? मग डील पक्की! मॅडम, तुम्हाला चालेल ना?"

फोनपासून सुटका व्हावी म्हणून मी कंपनी विकत होते. एक 'नाही' म्हटलं की काम झालं असतं. तो शब्द मी मनात दोनदा घोकला. लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पप्पांनी श्वास रोखला, आत्याने कोपराने ढोसलं, स्क्रीनवर तो माणूस वाट बघत होता. मी तोंड उघडलं, आणि त्या अख्ख्या कॉलमधलं माझं पहिलं आणि शेवटचं वाक्य बाहेर पडलं.

"पिशवी आणलीय का?"