चार अक्षरं सरांची, चार भाऊसाहेबांची

कॉलेजची वेबसाइट मी बनवली, मी चढवली, मीच सांभाळली. पण पहिले पाच महिने तिचं कुलूप मला एकटीला कधी उघडता आलं नाही. हे मी आता तक्रार म्हणून लिहीत नाही. तक्रार तेव्हाच केली होती, लेखी, आणि तिला आवक क्रमांकही पडला होता.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. शेवगावच्या कॉलेजात मी संगणक शिकवायचे. तात्पुरती, नेमणुकीची ऑर्डर जून ते एप्रिल, मे महिन्यात मी कुणाचीच नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, बी.एस्सी., फर्स्ट क्लास. हे मी न विचारता सांगते. तेव्हाही सांगायचे.

प्राचार्य सर पुण्याच्या एका बैठकीहून आले ते हेच घेऊन, की विद्यापीठाची समिती येईल तोवर आपली वेबसाइट पाहिजे. पुण्याच्याच एका कंपनीशी बोलणं झालं. ती कंपनी तिच्या संगणकावर आपल्याला जागा देणार, भाड्याच्या खोलीसारखी; आत सामान आपण लावायचं. पंधरा दिवसांनी कुरिअरने एक कागद आला. त्यावर साइटचं नाव, खात्याचं नाव, आठ अक्षरांचा पासवर्ड आणि पाच मेल खाती. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, हा कागद गोपनीय आहे.

कागद माझ्याकडे यायला हवा होता. तो आधी आवक नोंदवहीत गेला. मग सरांच्या टेबलावर गेला, आणि सरांनी सवयीने कोपऱ्यात शेरा मारला, ‘सर्व संबंधितांच्या निदर्शनास आणावे.’ आमचे ऑफिस अधीक्षक, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, शेऱ्याबाहेर एक पाऊल टाकणारा माणूस नव्हे. त्यांनी सुवाच्य अक्षरात तो कागद सूचना वहीत उतरवला, पासवर्डसकट, आणि शिपाईमामा ती वही घेऊन वर्गावर्गात फिरले. माझ्या तासाला वही आली तेव्हा पासवर्डखाली चाळीसएक सह्या होत्या. लायब्ररीतल्या बाईंची होती, खेळाच्या सरांची होती. एकाने सहीच्या आधी लिहिलं होतं, ‘वाचले. समजले नाही.’

मी वही घेऊन तशीच केबिनमध्ये गेले. “सर, पासवर्ड म्हणजे किल्ली. ती आपण गावभर वाटली.”

“मग आता?”

“आता बदलायचा.”

“बदलता येतो?” सरांना खरंच नवल वाटलं.

भाऊसाहेब दारात उभे होते. आपल्या हातून काहीतरी मोठी चूक झाली एवढं त्यांना कळलं, आणि तिथून माझे खरे हाल सुरू झाले. कारण चूक कळलेला कारकून दुसऱ्या टोकाला जातो. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आमच्याकडे ज्या कपाटात ठेवत त्याला दोन कुलपं होती. एक किल्ली प्राचार्यांकडे, एक अधीक्षकांकडे. दोघं हजर असल्याशिवाय कपाट उघडायचं नाही.

“तसंच करू सर,” भाऊसाहेब म्हणाले. “आठ अक्षरं हायेत ना? पयली चार तुमी ठरवा, मागली चार मी ठरवतो. मला तुमची म्हाईत न्हाईत, तुमाला माझी न्हाईत.”

मी हसले. मला वाटलं गंमत करताहेत. तेवढ्यात त्यांनी टिपणी लिहायला घेतली.

“आणि मी?” मी विचारलं.

“तुमी काम करा की मॅडम. तुमाला कोन अडवतंय?”

आता हे काम कसं चालायचं ते सांगते. कॉलेजात फोन एकच, भाऊसाहेबांच्या ऑफिसात; त्याची एक शाखा सरांच्या केबिनमध्ये. म्हणून इंटरनेटचा संगणकही त्याच ऑफिसात. मी संगणकावरून नगरच्या इंटरनेट केंद्राला फोन लावायचा, शिट्ट्या वाजायच्या, कधी तिसऱ्या खेपेला जोड मिळायची. पासवर्डची चौकट आली की धावत जाऊन सरांना आणायचं. सर त्यांची चार अक्षरं मारणार. मग भाऊसाहेब चष्मा पुसून बसणार, डाव्या हाताने कीबोर्डवर आडोसा करणार आणि उजव्या हाताच्या एका बोटाने अक्षर शोधणार.

“तिकडं बघा, मॅडम.”

“भाऊसाहेब, पडद्यावर नुसते तारे दिसतात.”

“तारे का व्हईनात. तिकडं बघा.”

मी भिंतीकडे बघायचे. त्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या सगळ्या चतुर्थ्या मला पाठ झाल्या. आणि एवढं करून आत शिरलो, की केबिनमध्ये परत गेलेले सर रिसीव्हर उचलायचे. “हॅलो! हॅलो! अहो, यात शिट्ट्या वाजताहेत!” जोड तुटली. पुन्हा नगर, पुन्हा सर, पुन्हा भाऊसाहेब, पुन्हा चतुर्थी.

एकदा कॉलेजच्या इमारतीचा फोटो माझ्याकडून आडवा चढला. चूक माझी, मी नाही म्हणत नाही. दोन मिनिटांचं काम होतं. पण भाऊसाहेब मेव्हणीच्या लग्नाला जामखेडला गेलेले. त्यांची चार अक्षरंही जामखेडला गेलेली. चार दिवस आमची इमारत जगापुढे आडवी पडून होती. जग म्हणजे तेव्हा कोण? कंपनीतला एखादा माणूस आणि सरांचे पुण्यातले साडू. नेमका साडूंनीच फोन केला. सर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, “मॅडम, जरा लक्ष देत चला.”

त्या रविवारी मी घोडेगावला घरी गेले. माझे वडील, आबा, एका व्यापाऱ्याच्या धान्याच्या गोदामावर राखणदार होते. बावीस वर्षं. मी त्यांना सगळं सांगितलं आणि सांगता सांगता विचारलं, “आबा, तुमच्याकडं गोदामाची किल्ली कधी दिली का हो त्यांनी?”

“मला कशाला? मी भाईर असतो.”

“मागितली नाही तुम्ही?”

“किल्लीवाल्याला झोप लागत न्हाई पोरी. मला लागती.” आणि हसले.

ते हसले, मला हसू आलं नाही. आमच्या घराण्यात काम कुणाला मागावं लागलं नाही. ते न मागता अंगावर पडायचं. किल्ली मात्र कुणाकडेच नव्हती, आणि तिचं कुणाला काही वाटतही नव्हतं. मला वाटत होतं. शिकले त्याचा एवढा परिणाम होणारच. सोमवारी जाऊन मी लेखी अर्ज दिला, की खातं माझ्या ताब्यात द्यावं. त्याला आवक क्रमांक मिळाला. उत्तर मिळालं नाही.

मग समिती यायच्या आठवड्यात व्हायचं ते झालं. गुरुवारी समिती, आणि सोमवारी मला नवी पानं चढवायची होती. सरांनी चार अक्षरं मारली, भाऊसाहेबांनी आडोसा करून चार मारली. चूक. पुन्हा. चूक. आडोशाच्या हाताखाली कॅपिटल अक्षरांचं बटण दाबलं गेलंय हे मला दिसत होतं.

“भाऊसाहेब, तो हात काढा.”

“तिकडं बघा, मॅडम!”

तिसरी चूक. खातं बंद झालं.

मी पुण्याला फोन लावला. कंपनीतला माणूस सभ्य होता. म्हणाला, “खातं कुणाच्या नावावर आहे?”

“प्राचार्य.”

“नाव काय त्यांचं?”

“फॉर्मवर नाव नाही, हुद्दाच लिहिलाय.”

“मॅडम, हुद्द्याशी मी कसा बोलू? एक माणूस द्या. लेटरहेडवर त्याचं नाव लिहून फॅक्स करा. नवा पासवर्ड मी त्याच एका माणसाला देईन.”

केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो. सरांचं नाव घालायचं ठरत होतं, पण कंपनीचे तांत्रिक प्रश्नही त्याच माणसाला येतील हे मी सांगितल्यावर सर मागे सरले. भाऊसाहेबांनी तर कानाच्या पाळ्यांना हात लावले. फिजिक्सच्या ज्येष्ठ सरांना निरोप गेला. त्यांचं उत्तर शिपाईमामा घेऊन आले: “म्हनत्यात, माझी दोन वर्सं ऱ्हायलीत, सुखानं जाऊ द्या.”

“माझं नाव घाला,” मी म्हणाले.

“तात्पुरत्या मान्साला चार्ज देता येत न्हाई सर,” भाऊसाहेब म्हणाले. “नियम हाय.”

“मग तात्पुरत्या माणसाकडून काम तरी कशाला घेता? माझ्या नावावर खातं येईपर्यंत मी त्या कीबोर्डला हात लावणार नाही.”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “मॅडम, तुमची ऑर्डर एप्रिलपर्यंत आहे. लक्षात आहे ना?”

“आहे सर. समिती गुरुवारी आहे, तेही लक्षात आहे.”

बोलून गेले. पुढच्या जूनची ऑर्डर मी त्या एका वाक्यात घालवली होती. प्रयोगशाळेत जाऊन मी हाताची घडी घालून बसले.

दुपारी भाऊसाहेब आले. मुलांच्या स्टुलावर बसले. “मॅडम, राग धरू नका. मी नवीन हुतो तवा माझ्याकडं एका ऑफिसाचा चार्ज दिल्ता. मी घेतला, लई खूश. त्यात एक टायपिंग मशीन कमी भरलं. मी कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं ते. तीन वर्सं चौकशी चालली माझी. चार्ज म्हंजे गळ्यात धोंड. काय इकडचं तिकडं झालं, तर तात्पुरतं मानूस पयलं जातं. तुमच्या भल्याचं सांगतो.”

आणि ते खरंच माझ्या भल्याचं सांगत होते. याने मी जास्तच वैतागले. अडवणारा माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं.

“भाऊसाहेब, इमारत आडवी पडली, तेव्हा बोल कुणाला लागला?”

“तुमाला.”

“चार दिवस ती का सुधारली नाही?”

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“मग दोष माझ्या नावावर चालतो, आणि चार्ज चालत नाही? हा कुठला नियम? तो दाखवा मला.”

बराच वेळ त्यांनी कान खाजवला. “ह्यो मुद्दा हाय,” म्हणाले. मुद्दा दिसला की त्या माणसाच्या अंगात बळ यायचं. अर्ध्या तासाने केबिनमधून त्यांचा आवाज ऐकू आला, “सर, नियमात फर्निचर हाय, कपाटं हायेत, यंत्रं हायेत. वेबसाइट हा शब्दच न्हाई. म्हंजे बंदी न्हाई.”

चार्ज रिपोर्ट त्यांनी स्वतः लिहिला, तीन प्रतींत. ‘वेबसाइट, नग एक, बंद स्थितीत. मेल खाती, नग पाच. तपासून ताब्यात घेतली.’ खाली माझं नाव, मधे आबांच्या नावासकट. मी सही केली. सरांनी माझ्याकडे न बघता केली. स्टँडजवळच्या दुकानातून फॅक्स गेला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाने फोनवर माझं नाव घेऊन मला बोलावलं, नवा पासवर्ड सांगितला, आणि तो मी लगेच बदलला. त्या वेळी मी भाऊसाहेबांना त्यांच्याच ऑफिसाबाहेर उभं राहायला लावलं.

“झालं?” बाहेरून आवाज.

“झालं.”

“काय ठेवलाय?”

“सांगता येत नाही.”

“बरं. पन उद्या तुमी एसटीखाली आला, तर?”

प्रश्न बरोबर होता, म्हणून आणखी राग आला. शेवटी मी पासवर्ड कागदावर लिहिला, पाकिटात घातला, चिकटवलेल्या जोडावर सही केली आणि त्यांच्याकडे दिला. त्यांनी पोच दिली.

गुरुवारी समिती आली. प्रयोगशाळा पाहिली, जेवली, गेली. वेबसाइट उघडून दाखवा असं कुणी म्हटलं नाही.

एप्रिल संपला, माझी ऑर्डर संपली, मी घोडेगावला गेले. मे महिन्यात शेजारच्या किराणा दुकानात माझ्यासाठी फोन आला. भाऊसाहेब होते. प्रवेशाची सूचना चढवायची होती, आणि सर सारखे विचारत होते.

“मॅडम, ते पाकीट फोडू का?”

“फोडा की. पण माझी सही मोडली, की चार्ज तुमच्याकडे आला.”

पलीकडे कुणीतरी केबिनमधला रिसीव्हर उचलल्यासारखं वाटलं. श्वास ऐकू येत होता. मग भाऊसाहेब खाकरले.

“तुमची ऑर्डर कुठल्या तारखेपासनं टाइप करू?”