सोंड्यांचा डबा

कामरगावात आमचं किराण्याचं दुकान आणि आम्ही जैन, एवढं सांगितलं की माझ्या धंद्याची अडचण कळेल. मी इंझोरीला शेडमध्ये माश्यांच्या अळ्या पाळतो. बाजारातला सडका भाजीपाला खाऊन त्या टरारतात. मग मी त्या भाजून कोंबड्यांचं खाद्य म्हणून विकतो.

आईला मी अर्धंच सांगितलं होतं. अळ्या वाढवतो, कचरा खातात. पुढचं तिनं विचारलं नाही आणि मी मूग गिळून बसलो.

आमच्या घरी धान्यातला किडा मारत नाहीत. पावसाळ्यात आई गहू निवडताना सोंडे हळूच वाटीत घेते, सोबत मूठभर गहू घालते आणि सावलीला नेऊन ठेवते. त्यांचं खाणं त्यांच्याबरोबर जायला हवं, हा तिचा नियम. अशा बाईनं माझ्या शेडचा अर्थ आपल्या परीनं लावला. गुरांचा जसा पांजरपोळ, तसा हा किड्यांचा. मंदिरात तिनं तसं कौतुकानं सांगितलंही.

यंदा ती न कळवता जीपनं इंझोरीला आली. हातात झाकणाला भोकं पाडलेला डबा. त्यात घरचे सोंडे होते आणि मंदिरातल्या बायांनी भरवशानं दिलेलेही. मी भट्टीपुढे कढईत अळ्या परतत होतो. शेजारी पोल्ट्रीवाला पोतं घेऊन उभा. त्या भल्या माणसानं आईला नमस्कार केला आणि या भाजलेल्या अळ्यांवर आपल्या कोंबड्या कशा गुबगुबीत झाल्या, ते साग्रसंगीत सांगितलं.

आईनं कढईत पाहिलं. वरच्या काही अळ्या अजून वळवळत होत्या.

एरवी या धंद्यावरून मी कुणाशीही तासभर भांडतो. कचरा जिरतो, कोंबड्या पोसतात, यात वाईट काय, असं विचारून समोरच्याला गप्प करतो. तेव्हा मात्र लाजेनं कान तापले. काहीतरी करायचं म्हणून मी डबा घ्यायला हात पुढे केला. तिनं तो पदराखाली ओढून घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "बायाईले सांगून आली मी, माह्या पोराजवळ सुखानं राह्यतीन म्हणून. आता याईले कुठी ठेवू?"

शेडबाहेर लिंबाची दाट सावली होती. तिथं ती थांबली नाही. उन्हात, रस्त्याच्या कडेला डबा मांडीवर धरून परतीच्या जीपची वाट पाहत बसली. माझ्या जागेत तिला तो उघडायचा नव्हता.