समोरच्या कोच बाई

हरिशंकरपुरममध्ये आमच्या समोर राहणाऱ्या हॉकीच्या कोच बाई कुणाशी गोड बोलत नाहीत. भाजीवालीलाही मैदानावर ओरडावं तशी हाक मारतात. माझ्या मुलीच्या लग्नाच्या सकाळी जिन्यात माझा पाय मुरगळला आणि मला रडूच फुटलं. त्या धावत आल्या, फरशीवर बसल्या आणि माझा सुजलेला पाय त्यांनी मांडीवर घेतला. घोटा सगळीकडून दाबून पाहिला.

"हड्डी ठीक आहे. पंजा वर ओढून धरा," असं म्हणत त्यांनी टाचेखालून घोट्यापर्यंत खेळाडूंना लावतात ती चिकटपट्टी घट्ट बसवली. मग हात पुढे केला. "उठा ताई. मी सोडणार नाही."

दुखलं, पण पाय टिकला. संध्याकाळी मुलीची पाठवणी मी उभ्यानं केली. त्या शेजारी माझा दंड धरून होत्या.