पुंगळीतून दिसलेला पाऊस

पाऊस लांबला की गावातल्या सगळ्या घरांत काळजी असायची. आमच्या घरात काळजीही असायची आणि सुटकाही. लहानपणी हे बोलायची चोरी होती, म्हणून आता सरळच लिहिते.

आम्हाला शेत नव्हतं. वडील तेरखेड्याकडच्या माळावर फटाक्यांच्या शेडमध्ये दारू भरायला जायचे. आई घरी फटाक्यांच्या कागदी पुंगळ्या वळायची. सळईवर रद्दीचा कागद गुंडाळायचा, मैद्याच्या खळीनं चिकटवायचा, सळई ओढून काढायची आणि पुंगळी उन्हात टाकायची. अंगणात, पत्र्यावर, सुपात, फाटक्या लुगड्यावर, जिथं ऊन तिथं पुंगळ्या. खडखडीत वाळल्या तर मजुरी. दमट राहिल्या तर मुकादम टोपली तशीच परत सरकवायचा, आणि त्या संध्याकाळी आम्ही भाकरीबरोबर मीठ-मिरची खायचो. मी शाळेत जायच्या आधी पुंगळ्या वळल्या आणि शाळेतून आल्यावरही वळल्या. बोटांना खळीचा आंबूस वास कायमचा. वर्गातली पोरं माझ्या शेजारी बसताना नाक धरायची.

एक मुलगी धरायची नाही. तिच्या घरी कोरडवाहू रान होतं, तूर आणि उडीद. ती माझ्या शेजारी बसायची, माझ्या पाटीवर थुंकून पुसायची आणि वर म्हणायची, "तुज्या बोटाला खळ लई हाय, पाटी चिकटंल."

एका साली पेरण्या झाल्या आणि पाऊस दडून बसला. तुरीनं माना टाकल्या. पोरांनी धोंडी काढली. एका पोराला लिंबाच्या डहाळ्यांनी मढवून दारोदार नाचवत न्यायचं, आणि घरोघरच्या बायांनी त्याच्या डोक्यावर पाणी ओतून पाऊस मागायचा. पाणी ओतायला कुणी नाही म्हणत नाही. धोंडी आमच्या दाराशी आली तेव्हा अंगणभर पुंगळ्या वाळत होत्या. मैत्रीण पुढंच होती, गाणं म्हणून घसा बसलेला. ती पुंगळ्यांकडं बघायला लागली, मी तिच्याकडं. सगळ्यांना ठाऊक होतं की या घराला ऊन पाहिजे.

मागून कुणीतरी बोललं, "हितं कशाला थांबलाव? ह्यांला कुठं पाऊस पायजे!"

आई तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं तो पोराच्या डोक्यावर पुरा रिता केला आणि आभाळाकडं बघून म्हणाली, "पड रं बाबा. पर माज्या पुंगळ्या वाळल्यावर पड."

पोरं हसली. बसक्या आवाजात मैत्रीणही हसली.

पाऊस आला तो बऱ्याच दिवसांनी, भर दुपारी, आणि नेमका आई माल द्यायला गेलेली असताना. त्या दिवशी शाळा बुडवून मी एकटीच सुपं उचलत होते. दोन आत ठेवावीत तर चार भिजत होती. तेवढ्यात ती शाळेच्या दप्तरासकट पळत आली, दप्तर उंबऱ्यात फेकलं आणि लुगड्याची दोन टोकं धरून म्हणाली, "तिकडून धर."

मी म्हणाले, "तुमच्या रानात पाणी आलं की! तिकडं जा ना."

"रान कुठं पळून चाललंय? पुंगळ्या पळतेत तुज्या. धर म्हणते ना!"

तिच्या घरचे त्या वेळी बांधावर उभे राहून भिजत होते, आनंदानं. ती आमच्या पडवीत खळीनं माखून बसली होती. निम्म्या पुंगळ्या वाचल्या.

त्या पुंगळ्यांवर मी शिकले. धाराशिवला वसतिगृहात राहून बी.ए. झाले, पुढं डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही.

अलीकडं आमच्याकडं पावसाचं सगळं उलटंपालटं झालंय. पाहिजे तेव्हा महिना महिना नाही, आणि दिवाळीच्या तोंडावर धो धो. शेतात सोयाबीनच्या गंजी भिजून कोंब फुटतात, शेडवर मालाला बुरशी येते. अशाच एका दिवाळीनंतर वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, पूर्वीचा पाऊस बी असाच येडा होता का?"

तिला समजेल असं उत्तर देता देता गोष्ट तयार झाली. आजच्या काळातली एक मुलगी भिजलेली पुंगळी डोळ्याला लावून बघते आणि आईच्या लहानपणात जाऊन पोचते. तिला वाटतं, तेव्हा सगळं छान असेल. तिथं मात्र दोन मैत्रिणी असतात, एकीला पाऊस हवा, दुसरीला ऊन. मी रोज थोडं सांगायचे, पोरं दुसऱ्या दिवशी भांडायची. शेतकऱ्यांची पोरं एका बाजूला, शेडवाल्यांची दुसऱ्या. मग मी ती लिहून काढली आणि मुलांची पुस्तकं काढणाऱ्या पुण्याच्या एका प्रकाशनाकडं पाठवली.

संपादकबाईंचा फोन आला. बोलायला गोड होत्या. "ताई, गोष्ट खूप आवडली. फक्त एक अडचण आहे. पुस्तक हवामानबदलाचं, आणि त्यातलं घर फटाक्यांचं? पालक काय म्हणतील? कुंभाराचं घर करूया का? मडक्यांनाही ऊन लागतंच की."

मला ते पटलं. पुस्तक निघणार होतं ना! मी आठवडाभर बसून पुंगळ्यांची मडकी केली, खळीचा चिखल केला. मग दोन्ही वह्या घेऊन मैत्रिणीकडं गेले. ती आता जवळच्याच गावात दिलेली, स्वतः सोयाबीन करते. शेंगा निवडत तिनं मडक्यांची गोष्ट ऐकली. मधेच म्हणाली, "ए मास्तरीणबाई, हे कुणाचं घर गं?"

"गोष्टीतलं."

"तुजी आई कुठं हाय ह्यात? म्या कुणाच्या पुंगळ्या उचलल्या त्या दिवशी, कुंभाराच्या?"

मी म्हणाले, "अगं, फटाक्यानं धूर होतो, ते खोटं नाही."

"व्हय, होतो. मग तसं लिही. धूर बी लिही, भूक बी लिही." तिनं सूप खाली ठेवलं. "तवा तुला ऊन पायजे व्हतं न् मला पाऊस. आता बघ, दिवाळीला ढग आला की तुजे शेडवाले बी भितेत, म्या बी भिते. आपला पाऊस एकच झालाय. हे पोरांला कोण सांगणार? तुजं मडकं?"

घरी येऊन मी मडक्यांची वही मिटली आणि पहिल्या वहीत दोन पानं वाढवली. त्यांत आजची मुलगी खोकत खोकत जुन्या काळातल्या मुलीला म्हणते, "तुमच्या या कामानं हवा घाण होते." ती मुलगी पुंगळी वळता वळताच विचारते, "मग दुसरं कुठलं काम करू? तुझ्या काळात निघालंय का?" आजची मुलगी परत येते आणि वर्गात तोच प्रश्न विचारते. गोष्ट तिथं थांबते.

संपादकबाईंना ती वही पाठवून मी कळवलं की घर बदलणार नाही. छापायचं तर असंच छापा, नाहीतर वही परत पाठवा. बरेच महिने काही आलं नाही. मी दुसरीकडं विचारायच्या बेतात होते. आईला काही सांगितलं नव्हतं, पण माझ्या तोंडावरून तिला कळत असणार. मग फोन आला. संपादकबाई म्हणाल्या, "ताई, ती नवीन दोन पानं मी घरी माझ्या मुलाला वाचून दाखवली. तो अजून मला तोच प्रश्न विचारतोय. असंच काढूया."

पुस्तक निघालं. त्यात फटाक्यांचं घर आहे, शेताचं घर आहे, आणि दोन्ही घरांचं भिजणं आहे. माझ्या शाळेतली शेडवाल्यांची आणि शेतकऱ्यांची पोरं ते एका बाकावर बसून वाचतात.