हळद लागलेली अँबॅसडर

रेडिएटरला रंग देऊ नये, असं मला कुणीच सांगितलं नव्हतं. (बायकोनं सांगितलं होतं. पण बायकोचं ऐकायचं तर जुनी गाडी ठेवायचीच कशाला?)

गाडी वडिलांची, अँबॅसडर. भाच्याचं लग्न ठरलं नि मी जाहीर केलं, "नवरीची उष्टी हळद माझ्याच गाडीतून जाईल!" (नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीकडं न्यायची, ही आमची रीत. ती पोचल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही.) रेडिएटर गळत होता, तो धाराशिवहून झाळून आणला. पण दिसायला कसा, तर चुलीतून काढल्यासारखा! फाटकाचा हिरवा ऑइलपेंट उरला होता. दिले दोन हात! जाळीचं एक भोक म्हणून मोकळं सोडलं नाही.

"अहो, वारा कुठनं जाईल आत?" सुमननं, म्हणजे बायकोनं, विचारलं.

"वारा काय तुला विचारून जातो व्हय?"

लग्नाच्या दिवशी सकाळी नवरदेवाला हळद लावून तेरहून नवरीच्या गावाला, येरमाळ्याला निघालो; वऱ्हाड मागनं यायचं होतं. शेजारी अक्का, माझी थोरली बहीण नि नवरदेवाची आई. मागं सुमन, मांडीवर हळदीची वाटी. येडशी ओलांडली, चढ लागला नि बॉनेटमधून फुस्स्! वाफेत रस्ता दिसेना. गाडी कडेला घेऊन बघतो तर झाळ उकलून बारीक धार लागलेली.

"दत्त्या, तिकडं नवरी पाटावर बसायची खोळंबलीय," अक्का म्हणाली. "हळद पोचली न्हाय तर मी तोंड कसं दाखवू?"

एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, त्यानं वाकून बघितलं. "मामू, हळद टाका आत. बारीक गळती बुजती."

"आता रानात हळद कुठनं आणू?" मी म्हणालो. सगळ्यांचे डोळे सुमनच्या मांडीवर!

"खबरदार!" अक्का ओरडली.

"अगं, चमचाभर फक्त!"

इंजिन निवल्यावर मी वाटीत पाणी घालून हळद पातळ केली नि रेडिएटरच्या तोंडावर जपून वाटी कलती केली. तेवढ्यात अक्कानं "पुरे, पुरे!" म्हणत माझा हात ओढला, नि वाटीतली अख्खी हळद आत गडप! अक्का रस्त्याच्या कडेला बसली नि पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. कुठून ही अवदसा आठवली नि गाडी काढली, असं झालं.

गळती मात्र थांबली! ड्रायव्हरनं पाणी भरलं नि जाळी बघून कपाळाला हात लावला. "या अल्ला! ही जाळी कुणी लिंपली?"

"पेंटरनं," मी म्हणालो.

"ह्येच ते पेंटर," सुमन म्हणाली.

मग दोघींनी डोक्यातल्या पिना काढल्या, नि ठेवणीतल्या साड्या खोचून जाळीतला रंग टोकरत बसल्या. दर भोकाला मला एक शिवी. (अक्काची एकही शिवी दुसऱ्यांदा आली नाही, इतका साठा!)

येरमाळ्याला पोचलो तेव्हा दोघींचे अंबाडे सुटलेले, माझे हात कोपरापर्यंत पिवळे. नवरीची आत्या दारातच उभी. "हळद कुठंय?"

अक्कानं वाटी पुढं केली, नि मी खालमानेनं सगळं सांगून टाकलं. आत्यांनी वाटीत बोट फिरवलं. तळाला थोडी चिकटलेली होती.

"लई झाली की! बोटभर उष्टी आमच्या हळदीत कालवायची. त्यात एवढं रडायचं काय?"

हुश्श! अक्कानं माझ्या पाठीत धपाटा घातला, तो मायेचाच होता असं मी धरून चालतो. मी लगेच फेटा सारखा केला. लग्नात मामाचा मान मोठा, आता मिरवायला मोकळा!

"थांबा पाव्हणं," आत्या म्हणाल्या. "हळद तुमच्या गाडीलाबी लागलीय न्हवं? मग नवरा-नवरीसारखं तिलाबी अक्षता पडेपर्यंत एकटं सोडायचं न्हाय. रीत म्हंजे रीत!"

सगळा मांडव हसला. अक्का सगळ्यांत मोठ्यानं. मंगलाष्टकं मी बॉनेटला टेकून ऐकली. गाडीला मुंडावळ्या, नि शेजारी मी, तिची करवली!