पोखर्णीच्या शेतातला विलायती डबा

परभणी स्थानकाबाहेर रिक्षावाल्याला म्हणालो, "पोखर्णी. देवळाच्या पुढं एका शेतात रेल्वेचा जुना डबा आहे, तो बघायचाय."

"डबे तर तुमी आत्ताच सोडून आलाव की," तो म्हणाला. पण नेलं.

शेत शिवलिंगआप्पांचं. निजामाच्या रेल्वेनं मोडीत काढलेला हा विलायती लाकडी डबा त्यांच्या आजोबांनी आणून बांधावर ठेवलेला. चाकं नाहीत, आत सोयाबीनची पोती, छपरावर दोडक्याचा वेल. शेजारी इस्माईल मिस्त्री करवत घेऊन उभा. आप्पांना नव्या घराच्या चौकटींसाठी सागवान हवं होतं. मी पुण्याहून फोटो काढायला आलो होतो, पोचलो अंत्यदर्शनाला.

डबा वाचवायला मी भाषणच सुरू केलं. "आप्पा, दीडशे वर्षांपूर्वीचं काम आहे हे."

"म्हणून तर लाकूड मुरलंय."

दाराचा खटका किती सुरेख वाजतो ते ऐकवायला मी आत शिरून दार ओढून घेतलं. खटका सुरेख वाजला. मग दार उघडेना. अशा दारांना मूठ फक्त बाहेरून असते, हे वाचलेलं तेव्हा आठवलं. आप्पांनी बाहेरून मूठ फिरवली, ती त्यांच्या हातातच आली. पलीकडचं दार पोत्यांमागे. खिडकीतून डोकं निघालं, पोट निघेना.

"मिस्त्री, कापा दार. तसंबी कापायचंच हाय."

"कापू नका," मी आतून म्हणालो. "मला घाई नाही." घामानं सदरा भिजला होता.

आप्पांच्या पत्नी गंगाबाईंनी खिडकीतून धपाटे (ज्वारीच्या पिठाचं तिखट थालीपीठ) आणि दही दिलं. "खावा निवांत. गाडी कुठं सुटायलीय?"

मिस्त्रीनं करवत खाली ठेवली आणि बिजागऱ्यांचे गंजलेले स्क्रू काढायला घेतले. तासाभरानं दार अख्खं उतरलं. मी बाहेर आलो, पण माझ्याकडं कुणी बघेना. मिस्त्री दाराच्या सांध्यांवरून बोट फिरवत होता.

"आप्पा, एकबी खिळा न्हाई. लय नाजूक काम हाय. मी न्हाई कापणार. दुसरा मिस्त्री बघा."

गंगाबाई म्हणाल्या, "चौकटी सिमेंटच्याबी चालत्यात."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "पुण्यात सांगणार का, आप्पाच्या डब्यात अडकलो म्हणून?"

"सांगणार."

"मंग ऱ्हाऊ द्या. उद्या कुणी बघाया आलं तर दाखवाया पायजे."

परतीच्या गाडीत मनातल्या मनात माझं भाषण आठवून बघितलं. त्यातलं एक वाक्यही कुणाच्या कामी आलं नव्हतं. असली दारं जोडणाऱ्या एखाद्या विलायती सुताराचं नाव मी कितीतरी वर्षं पुस्तकांत शोधलं, सापडलं नाही. इस्माईल मिस्त्रीनं त्याला तासाभरात ओळखलं होतं.